किलिमांजारो दोघांनी चढताना

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किलिमांजारो चढायचं, असं ठरवणारी जोडपी आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात सहज भेटतात. टांझानियातला हा डोंगर ५,८९५ मीटर उंच. आफ्रिकेत त्याहून उंच काही नाही. तरी दोराला लटकायचं नाही, बर्फात पायऱ्या खोदायच्या नाहीत. पायवाटेने चालत शिखरापर्यंत जाता येतं. अकरा-बारा दिवसांची रजा जुळली की नोकरी सांभाळणाऱ्या दोघांनाही जमण्यासारखं आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या, पण गिर्यारोहणाचा रीतसर कोर्स न केलेल्या जोडप्यांनी पहिलं मोठं शिखर म्हणून हेच निवडावं, असं माझंही मत आहे.

एकट्याने किंवा मित्रांबरोबर जाणाऱ्याला जे सांगावं लागतं, त्यातलं बरंचसं जोडप्यालाही लागू आहे. पण जोडप्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी पडते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवरा-बायको डोंगरावर एकमेकांपासून त्रास लपवतात. प्रेमापोटीच लपवतात. आपलं डोकं ठणकतंय हे सांगितलं तर तोही माघारी फिरेल, त्याचं इतक्या वर्षांचं स्वप्न आपल्यापायी मोडेल, म्हणून ती गप्प राहते. तिच्या जिवाला घोर लागेल म्हणून तो तंबूमागे जाऊन उलटी करतो आणि तोंड धुऊन हसत परत येतो. घरात याला समजूतदारपणा म्हणतात. साडेचार हजार मीटरवर तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे बूट, जाकीट, तिकिटं यांच्या आधी तयारी करायची ती याची, की तिथे लपवण्याची वेळच कोणावर येऊ नये.

आधी शरीराचं समजून घेऊ. हवेत प्राणवायूचं प्रमाण शिखरावरही एकवीस टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा झालेला असतो. म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही साधारण निम्माच मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं. त्याला काही दिवस लागतात, आणि प्रत्येकाला लागणारे दिवस वेगळे असतात. रोजच्या व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत. पुरुष आहे म्हणून सोपं आणि बाई आहे म्हणून अवघड, असंही काही नाही. मॅरेथॉन पळणारा नवरा चार हजार मीटरवर आडवा होतो आणि कधी जिममध्ये पाऊल न टाकलेली बायको शेजारी बसून पोटभर जेवते, हे अगदी शक्य आहे. कोणाला त्रास होईल हे घरी बसून कळत नाही. पूर्वी लेहला किंवा हिमालयातल्या एखाद्या उंच खिंडीत गेला असाल, तर तेव्हा काय झालं होतं, एवढाच काय तो अंदाज. म्हणून ‘मला काही होणार नाही, तुझीच काळजी आहे’ हे वाक्य तयारीच्या पहिल्या दिवसापासून बंद करा. दोघांपैकी दुबळं कोण, हे आधीच ठरवून टाकलं की ते माणूस बोलायचं थांबतं, आणि दुसऱ्याला स्वतःची लक्षणं मान्य करणं अवघड होतं.

वाटेची निवड याच हिशेबाने करायची. सगळ्यांत स्वस्त पडते ती मारांगूची वाट, पाच दिवसांची. तंबूऐवजी झोपड्यांत मुक्काम असतो, त्यामुळे ती आरामाचीही वाटते. पण मुक्कामांच्या उंच्या पाहा: मांडारा २,७००, होरोंबो ३,७००, किबो ४,७०० मीटरच्या आसपास. रोज हजार मीटर वर जाऊन झोपायचं आणि तिसऱ्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. पाच दिवसांचा कार्यक्रम हा नियम उघडपणे मोडतो. माझा सल्ला लेमोशोच्या आठ दिवसांच्या वाटेचा. पहिले तीन दिवस शिरा पठारापर्यंत बेताने उंची वाढते. चौथ्या दिवशी ४,६०० मीटरच्या वर असलेल्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं, तिथे जेवायचं आणि झोपायला बरांकोला, चार हजारांच्या जरा खाली उतरायचं. त्या दिवशी बहुतेकांचं डोकं दुखतं आणि उतरल्यावर बरंही वाटतं. शरीराला वरच्या हवेची ओळख होते ती अशी. पाचव्या दिवशी करंगा, सहाव्या दिवशी बराफू. माचामेच्या वाटेने जायचं असेल तर सहा नव्हे, सात दिवसांचा कार्यक्रम घ्या. वाचवलेल्या एका दिवसाचे पैसे शिखराच्या रात्री कामाला येत नाहीत. जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने, एप्रिल-मे टाळाच.

आता कंपनी. १९९१ पासून या डोंगरावर परवानाधारक गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे कंपनी निवडणं आलंच. दर विचारायच्या आधी पार्कच्या शुल्काचा हिशेब करा. गेली काही वर्षं माणशी दर दिवसाला ७० डॉलर आणि तंबूच्या मुक्कामाला दर रात्री ५० डॉलर, असा दर राहिला आहे. आठ दिवस, सात रात्री, म्हणजे माणशी ९१० डॉलर सरकारच्या खात्यात जातात. त्यावर कर आणि बचावशुल्क वेगळं. यानंतर उरलेल्या पैशांत गाइड, स्वयंपाकी, पोर्टर, आठ दिवसांचं जेवण, तंबू आणि गाडी बसवायची असते. म्हणून कोणी माणशी बारा-तेराशे डॉलरमध्ये सगळं करून देतो म्हणाला, तर ती बचत पोर्टरच्या मजुरीतून आणि त्याच्या जेवणातून होणार हे उघड आहे. दोघांच्या सामानासाठी आणि स्वयंपाकासाठी आठ-दहा माणसं डोंगर चढत असतात. एका पोर्टरच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नसावं असा नियम आहे आणि डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरातली ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था कोणत्या कंपन्या तो पाळतात, मजुरी वेळेवर देतात, यावर लक्ष ठेवते. तिच्या यादीतलीच कंपनी घ्या. आपल्या आनंदासाठी वर जाताना दुसऱ्याच्या अंगावर पुरेसे कपडे नसणं हे कोणत्याही शिखरापेक्षा मोठं ओझं आहे.

कंपनीला एक प्रश्न जोडप्याने हमखास विचारायचा: आमच्याबरोबर गाइड किती? दोघांसाठी एकच गाइड असेल, तर एकाला खाली उतरवायची वेळ येताच दुसऱ्याचीही चढाई तिथेच संपते, किंवा त्याहून वाईट, आजारी माणसाला एखाद्या पोर्टरबरोबर पाठवलं जातं. आणि एकदा हे दोघांच्या लक्षात आलं की लपवालपवी सुरू झालीच समजा. मुख्य गाइड आणि किमान एक मदतनीस गाइड, दोघंही उंचीवरच्या आजाराचं प्रशिक्षण घेतलेले, बरोबर ऑक्सिजनचं नळकांडं आणि ऑक्सिमीटर, हे करारात लिहून घ्या. थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुंबईहून बहुतेक विमानं आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात. हे दोन्ही देश यलो फीव्हरच्या पट्ट्यात येतात, त्यामुळे लसीचं प्रमाणपत्र जवळ हवं, परत येताना मुंबईच्या विमानतळावरही. सरकारमान्य केंद्रावर लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. ती आयुष्यभर चालते. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. प्रवासविमा घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आणखी एक काम बरीच जोडपी विसरतात. विमा, बँक, फंड सगळीकडे नवऱ्याची नॉमिनी बायको आणि बायकोचा नवरा असतो. दोघं एकाच विमानाने, एकाच डोंगरावर जाणार असतील, तर तिसऱ्या नावाची सोय करून निघावं. मुलं लहान असतील तर ती कोणाकडे राहतील, शाळेतून फोन आला तर कोण जाईल, हे आजी-आजोबांशी बसून बोलून, कागदावर लिहून ठेवावं. बोलायला अवघड वाटतं, पण हे झालं की डोंगरावर मन मोकळं राहतं.

सराव किमान चार-पाच महिने आधी सुरू करा. पुण्यात सिंहगड, नाशिक-नगरकडे कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड. जो डोंगर जवळ तो. १,६४६ मीटरचं कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच असलं तरी विरळ हवेचा सराव तिथे होत नाही, तो सह्याद्रीत कुठेच होणार नाही. इथे तयार करायचे ते पाय, पाठ आणि धीर. पाठीवर सहा-सात किलो घेऊन चढा. शनिवारी एक गड, रविवारी लगेच दुसरा, असे लागोपाठचे दिवस करा, कारण तिकडे आठ दिवस रोज उठून चालायचं आहे. उतरण्याचा सराव तर चढण्याइतकाच करा. शिखराच्या दिवशी बराफूहून बाराशे मीटर चढल्यावर शिखरापासून म्वेका मुक्कामापर्यंत जवळपास २,८०० मीटर उतरायचं असतं. एका दिवसात. गुडघे आणि मांड्या तिथे बोलतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

सरावाबद्दल माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. सगळा सराव एकत्र करू नका. एकत्र चालताना पुढे कोण, वेग कोणाचा, वाट कोण शोधणार, पाणी कधी प्यायचं हे कोण ठरवणार, या सवयी बहुतेक जोडप्यांत पक्क्या झालेल्या असतात, आणि दुसरा नकळत त्याच्या मागे चालत राहतो. आठवड्यात एक तरी मोठी चाल प्रत्येकाने स्वतंत्र करावी, किंवा दुसऱ्या कोणाबरोबर. स्वतःचा श्वास, स्वतःची भूक, दम कुठे लागतो, हे प्रत्येकाला आपलं आपण कळायला हवं. मग एकत्र चालाल तेव्हा नेहमी मागे राहणाऱ्याला पुढे चालू द्या. किलिमांजारोवर गाइड दिवसभर ‘पोले पोले’ म्हणत असतात, सावकाश, सावकाश. तिथला वेग इतका संथ असतो की उंच, लांब ढांगा टाकणाऱ्या माणसाला त्याचाच त्रास होतो. ही सावकाशी इथेच अंगवळणी पाडा: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून ते मध्ये तुटलं तर वेग जास्त आहे.

डॉक्टरांकडे दोघांनी जावं, पण तपासणीची खोली वेगवेगळी ठेवावी. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचं काही असेल तर ते आलंच. हिमोग्लोबिन जरूर तपासा; आपल्याकडे बायकांमध्ये ते कमी असणं फार सर्रास आहे आणि ते भरून काढायला दोन-तीन महिने लागतात. उंचीच्या त्रासावर आधीपासून घ्यायची ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण ती घ्यायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तसं स्पष्ट सांगावं. डायमॉक्सने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. म्हणून घरी दोन दिवस घेऊन पाहावी. एकाला दिलेली गोळी दुसऱ्याने ‘तीच तर आहे’ म्हणून घेऊ नये. पाळी नेमकी त्या आठवड्यात येणार असेल तर लाजू नका, पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचे फायदे-तोटे डॉक्टरांना विचारा, आणि नाही ढकलायची असं ठरलं तर वापरलेले पॅड खाली आणायची सोय बरोबर घ्या. गरोदर असताना, किंवा तशी शक्यता असताना, हा डोंगर नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं बोलणं. निघायच्या महिनाभर आधी, एखाद्या निवांत संध्याकाळी, फोन बाजूला ठेवून दोघांनी एक पानभर ठराव लिहावा. त्यात पहिला प्रश्न: एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं? ‘दोघं वर, नाहीतर दोघं खाली’ हाही चांगला निर्णय आहे आणि ‘ज्याला जमेल त्याने जावं’ हाही. कोणता घ्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तो घरी घ्या, पाच हजार मीटरवर रात्री तीन वाजता नको. तिथे मेंदूलाही प्राणवायू कमी पडत असतो. माझा स्वतःचा कल असा: साधी डोकेदुखी, मळमळ, थकवा यामुळे एकजण मदतनीस गाइडबरोबर खाली गेला, तर दुसऱ्याने पुढे जावं आणि त्याची खंत दोघांनीही करू नये. पण आजार गंभीर असेल तर दोघंही खाली, चर्चा नाही.

इथे मला नीव्हेस मेरोई आणि रोमानो बेनेट या इटालियन नवरा-बायकोची गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांची शिखरं आपल्या आवाक्यातली नाहीत; जगातली आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं त्यांनी बरोबरीने केली, तीही ऑक्सिजनचं नळकांडं न वापरता. २००९ साली नीव्हेसची अकरा शिखरं झाली होती आणि चौदा पूर्ण करणारी पहिली स्त्री कोण, याची शर्यत रंगात होती. कांचनजंगावर साधारण साडेसात हजार मीटरवर रोमानोची ताकद संपली. तू जा, मी तंबूत वाट पाहतो, असं त्याने सांगितलं. ती गेली नाही. त्याला घेऊन खाली आली. पुढे निदान झालं, त्याची अस्थिमज्जा निकामी झाली होती. दोनदा प्रत्यारोपण करावं लागलं. शर्यत अर्थातच दुसऱ्यांनी जिंकली. २०१४ मध्ये दोघं पुन्हा कांचनजंगावर गेले आणि शिखरावर पोचले, आणि ११ मे २०१७ रोजी अन्नपूर्णावर त्यांची चौदा शिखरं पूर्ण झाली. असं करणारं ते पहिलं जोडपं.

लोक या गोष्टीत नीव्हेसचा त्याग पाहतात. मला त्यातलं रोमानोचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. इतका जाणता, अनुभवी गिर्यारोहक, शरीर आतून कोसळत असताना, मी इथे थांबतो म्हणाला. आजारी माणूस डोंगरावर हेच म्हणतो. तुमचा नवरा म्हणेल, तुमची बायको म्हणेल. ते ऐकायचं नाही. उंचीचा त्रास झालेल्या माणसाला एकट्याला तंबूत किंवा वाटेवर कधीही सोडायचं नाही, हे ठरावातलं दुसरं कलम. तिसरं कलम: गाइड ‘खाली’ म्हणाला की खाली. त्याची मनधरणी करायची नाही, आणि एकाने दुसऱ्याच्या वतीने तर मुळीच नाही.

जाण्याआधी जाहिरात करू नका, असंही एक कलम मी घालेन. नातेवाइकांचे ग्रुप, सोसायटीतला सत्कार, स्थानिक पेपरात बातमी. ‘दांपत्याची किलिमांजारोवर स्वारी’ असं आधीच छापून आलं की परत फिरणं अवघड होतं. पुण्यातल्या एका जोडप्याने २०१६ साली एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला आणि फोटो बनावट निघाल्यावर नेपाळ सरकारने त्या दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. प्रसिद्धीचा दाब माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे आपल्याच गावात दिसलं आहे.

सामान भरताना जोडपी एक गोष्ट हमखास करतात: वाटून घेतात. औषधांचा डबा तिच्याकडे, टॉर्च त्याच्याकडे, सनस्क्रीन एकच, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या एकाच पिशवीत. घरच्या सहलीला हे ठीक. इथे एकजण खाली गेला की त्याच्याबरोबर अर्धं सामान जातं. घरी पलंगावर दोन ढीग मांडा आणि प्रत्येक ढीग एकट्या माणसाला पुरतो का, ते पाहा. प्रत्येकाची स्वतःची औषधं, स्वतःची हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल, स्वतःचं पाणी, पावसाचं जाकीट, जाड मोजे, दोन जोड हातमोजे आणि त्यावर चढवायचे मोठे मिटन. पासपोर्टही आपापला. स्लीपिंग बॅगा वेगळ्या; शिखराच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत जाऊ शकतो आणि जोडून एक केलेल्या बॅगेत दोघंही गारठतात. जेवण कंपनीचा स्वयंपाकी करतो, शाकाहारी आहोत हे आधी कळवलं तर सूप, भाज्या, भात, बटाटे, लापशी असं सगळं मिळतं. पण उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चवच घशाखाली उतरते. मेतकूट, लिंबाचं लोणचं, राजगिऱ्याचे लाडू, खजूर बरोबर असू द्या. गुळाची चिक्की घरूनच बारीक तुकडे करून न्या, थंडीत ती दाताने तुटत नाही.

डोंगरावर रोज सकाळ-संध्याकाळ एक छोटं काम करायचं. लेक लुईस नावाची एक साधी गुणपद्धत डॉक्टर वापरतात. डोकेदुखी, मळमळ किंवा भूक नसणं, थकवा, चक्कर या चारांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त आहे, म्हणजे उंची लागली. जोडप्यासाठी यात एक बदल करा. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत, चहाचे पेले पुढे आल्यावर, प्रत्येकाने आपले चार आकडे आधी वहीत लिहायचे, मग वह्या गाइडकडे सरकवायच्या आणि त्यानंतरच बोलायचं. दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत सांगितलेला आकडा नेहमी एकाने कमी होतो. ऑक्सिमीटरचं मापनही होईल, पण त्याच्यावरून नवरा-बायकोत तुलना नको. बराफूला ८० च्या आसपास, कधी त्याखालीही आकडा दिसतो आणि नुसत्या त्यावरून काही ठरत नाही.

लेक लुईसचा आकडा वाढला तर त्या दिवशी वर जायचं नाही. आराम करूनही वाढत राहिला तर उतरायचं. आणि दोन गोष्टी दोघांनी पाठ करून ठेवाव्यात, कारण त्या आजाऱ्याला स्वतःला कळत नाहीत, जोडीदारालाच आधी दिसतात. एक, चालताना झोक जाणं, विचित्र बोलणं, नेहमीचं माणूस एकदम चिडचिडं किंवा गप्प होणं. शंका आली की सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येत असेल. दोन, बसल्या जागी धाप लागणं, न थांबणारा खोकला, छातीत घरघर. ते फुप्फुसात पाणी भरत असल्याचं लक्षण. दोन्हींवर उपाय एकच: त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही मदत खाली नेता नेता करायची असते, वर थांबून नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात तुम्हाला जोडीदाराची चाल, आवाज, चिडण्याची तऱ्हा पाठ असते. जोडीने जाण्याचा खरा फायदा तो हाच, कोणत्याही गाइडला तो नसतो.

शिखराची रात्र. बराफूला संध्याकाळी लवकर जेवून झोपायचं, झोप बहुधा लागत नाही, त्याची चिंता करू नका. अकराच्या सुमाराला उठवतात. चहा-बिस्किटं घेऊन मध्यरात्रीच्या आसपास निघायचं. बाटलीत कोमट पाणी भरून ती मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतं, त्यामुळे तोंडाकडचं पाणी वाहतं राहतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी तासाभरात गोठते, तिच्या भरवशावर राहू नका. फोन आणि सेल आतल्या खिशात, अंगाशी. आधीच ठरवून ठेवा की हळू चालणारा गाइडच्या लगेच मागे आणि दुसरा त्याच्या मागे, मधलं अंतर हातभर. वेगळे चाललात तर पुढच्याला थांबून थंडी भरते आणि मागच्याला धावपळ होते.

पहाटे तीन ते पाच हे दोन तास सगळ्यांत वाईट. अंधार, भुसभुशीत खडी, पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं, आणि शिखर दिसतही नाही. त्या वेळी ‘थोडंच राहिलंय’ असं खोटं सांगू नका. धीर द्यायचा तर प्रश्न विचारून द्या: बोटं हलतायत का? पाणी प्यायलास का? डोकं किती? उत्तर नीट, पूर्ण वाक्यात आलं तर माणूस ठीक आहे. उत्तरच आलं नाही, तर गाइडला हाक मारा. थांबे दोन-तीन मिनिटांचेच हवेत; बसलं की उठवत नाही. साधारण उजाडायच्या सुमाराला ५,७५६ मीटरचा स्टेला पॉइंट येतो. तिथे विवराचा काठ लागतो, चढ सौम्य होतो आणि उहुरू शिखर आणखी पाऊण तास ते तासभर. स्टेला पॉइंटला दोघांनी एकदा प्रामाणिकपणे स्वतःला तपासावं. इथून परतणं हे अपयश नाही. इथपर्यंत पोचल्याचंही प्रमाणपत्र पार्ककडून मिळतं.

शिखरावर दहा-पंधरा मिनिटं पुरेत. फोटो काढायला रांग असते, तिच्यात उभं राहून बोटं गारठवू नका. उतरताना दोघंही थकलेले आणि आनंदात असतात, आणि पाय मुरगळतात ते तेव्हाच. एकमेकांचा हात धरून खडीवर उतरू नका, एक घसरला की दुसराही जातो, काठ्या वापरा. बराफूला तासभर पडून, खाऊन, मग म्वेकाकडे. आठव्या दिवशी फाटकावर पोचण्याआधी, म्वेकाच्या मुक्कामीच, गाइड-पोर्टर सगळ्यांना एकत्र बोलावून बक्षिशी सर्वांच्या देखत, कोणाला किती हे मोठ्याने सांगून द्या.

दोघांपैकी एकच शिखरावर पोचला असेल, तर घरी फोन करण्याआधी, मोशीच्या हॉटेलात, तो किस्सा लोकांना कसा सांगायचा हे जो उतरला त्याला विचारा. सांगण्याचा पहिला हक्क त्याचा. त्याच्या वतीने ‘हिला त्रास झाला ना, म्हणून’ असं दुसऱ्याने प्रत्येक नातेवाइकाला सांगत सुटणं टाळा. आणि पुन्हा यायचं ठरलं, तर आलेल्या त्रासाची तारीख, उंची, लक्षणं, घेतलेली औषधं हे सगळं ताजं असतानाच लिहून ठेवा. एकदा उंची लागलेल्याला तितक्याच वेगाने गेलं तर पुन्हा लागण्याची शक्यता जास्त असते. पुढच्या वेळी डोंगराला उत्तरेकडून वळसा घालणारी नॉर्दर्न सर्किटची नऊ दिवसांची वाट घ्या, ते पान डॉक्टरांना दाखवा आणि दिवसांचा कार्यक्रम त्या एकाच्या शरीराला धरून आखा.